एका गेटचे किती अर्थ?



नागपूरच्याच एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सातवीत, सेमी-इंग्रजीच्या वर्गात आहे. रोज रात्री दहा इंग्रजी शब्द मराठी अर्थांसह पाठ करते आणि अम्मीला म्हणून दाखवते. एकही चुकत नाही. पण उतारा समोर आला की गाडी अडते. परवाच्या चाचणीत एक वाक्य होते, 'देअर वॉज अ गुड गेट ॲट द मॅच.' मुलीने अर्थ लिहिला, 'सामन्याच्या ठिकाणी चांगले फाटक होते.' गुण मिळाले नाहीत आणि मुलगी घरी येऊन रडली. गेट म्हणजे फाटक हे तर तिने बरोबरच पाठ केले होते!

भगिनी पुढे लिहितात की त्या स्वतः उर्दू माध्यमातून दहावीपर्यंत शिकल्या. घरात जी बोली चालते ती ना धड उर्दू, ना धड हिंदी, ना धड मराठी. मुलीच्या अब्बांचे म्हणणे असे की अशा घरात इंग्रजी येणार कुठून? पुढच्या वर्षी तिला सेमी-इंग्रजीतून काढू आणि साध्या वर्गात बसवू. पत्राच्या शेवटी त्यांनी एवढेच विचारले आहे, 'मी तिला घरी काय मदत करू शकते?'

या महिन्याचे सदर त्या प्रश्नासाठी आहे. असा प्रश्न पडलेले हे एकच घर नाही, हे मला माझ्या शाळेतल्या पालकसभांवरून माहीत आहे.

आधी पाठांतराबद्दल. पाठांतर वाईट नाही. आपल्या घरांतली मुले कुरआन हिफ्ज करतात, तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीचे सर्वांना कौतुक वाटते. पण हाफिज होणारे मूल सुटे शब्द पाठ करते का? ते संपूर्ण आयत पाठ करते, मागच्या-पुढच्या ओघासह. शब्द आपल्या जागेवर बसलेला असतो, म्हणून तो निसटत नाही. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण शब्द वाक्यातून उपटतो, त्याच्यासमोर एक मराठी अर्थ लिहितो आणि समजतो की काम झाले. अडचण इथे आहे, मुलीच्या बुद्धीत नाही.

आता तोच 'गेट' शब्द घेऊन आपल्या नागपुरात फिरू या.

महालातले गांधी गेट सर्वांनी पाहिले आहे. त्याचे जुने नाव जुम्मा दरवाजा. जवळचा गांधीसागर म्हणजे जुना जुम्मा तलाव, म्हणजेच शुक्रवारी तलाव. हा तलाव गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातला मानला जातो. नावांची गंमत बघा. आपण जुम्मा म्हटले, मराठीने शुक्रवारी म्हटले, दरवाजा फारसीतून आला आणि पुढे त्याच जागी इंग्रजी गेट येऊन बसले. आता मुलीला विचारा, गांधी गेटमधून रोज माणसे, रिक्षा आणि गाड्या जातात, तिथे रोज फाटक कोण उघडते? कोणीच नाही. म्हणजे गेट या शब्दाचा पहिला अर्थ भिंतीत किंवा तटात ठेवलेली मोकळी जागा. ती जागा बंद करण्यासाठी जे लोखंडी किंवा लाकडी फाटक बसवतात, त्यालाही गेटच म्हणतात, पण तो दुसरा अर्थ.

हे अवघड वाटत असेल तर आपले 'दार' बघा. 'तो दारातून आत आला' म्हणतो तेव्हा दार म्हणजे मोकळी जागा. 'दार लावून घे' म्हणतो तेव्हा दार म्हणजे फळी. एकच शब्द, दोन अर्थ, आणि चार वर्षांच्या मुलाचाही गोंधळ होत नाही. कारण तो शब्द त्याने वाक्यात ऐकलेला असतो.

इथे मुलांना आणखी एक शंका येते. इंग्रजीत 'डोअर'ही आहे, मग गेट कशाला? फरक सोपा आहे. खोलीला, घराला, कपाटाला, गाडीला असते ते डोअर. आवाराला, कुंपणाला, तटाला, शहराला असते ते गेट. अरबीत मात्र दोहोंना एकच शब्द आहे, बाब, आणि त्याचे अनेकवचन अबवाब. घरात कुरआनचा इंग्रजी अनुवाद असेल तर सूरह यूसुफ उघडून पाहा. आयत 25 मध्ये हजरत यूसुफ (अ.) घरातल्या दाराकडे धावतात. तिथे अनुवादक सहसा 'डोअर' लिहितात. त्याच सूरहच्या आयत 67 मध्ये हजरत याकूब (अ.) आपल्या मुलांना सांगतात की सर्वांनी एकाच दरवाजाने जाऊ नका, वेगवेगळ्या दरवाजांनी जा. तिथे बहुतेक इंग्रजी अनुवादांत 'गेट' येते. मूळ अरबी शब्द दोन्हीकडे बाब हाच आहे. घराचे दार आणि शहराचा दरवाजा हा फरक अनुवादकाने मागचे-पुढचे वाचून ठरवला. रमजानमध्ये जन्नतचे दरवाजे उघडले जातात ही हदीस आपण दरवर्षी ऐकतो. रोजेदारांसाठी असलेल्या रय्यान या दरवाजाचे नावही लहान मुलांना ठाऊक असते. तिथेही इंग्रजीत गेटच वाचायला मिळेल.

आता शब्द पुढे कसा सरकतो ते पाहू. मी वर्गात मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवते, 'या गेटमधून काय जाते?' हा प्रश्न धरून चाला.

पावसाळ्यात बातमी येते, गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले, तोतलाडोहचे 14 दरवाजे उघडले. इंग्रजी वर्तमानपत्रात तिथे 'गेट' असते. त्यातून काय जाते? पाणी. रेल्वे क्रॉसिंगचे गेट, ज्याला आपण फाटक म्हणतो, त्यातून काय जाते? रस्त्यावरची वाहने, आणि गाडी येणार असली की ती थांबतात. विमानतळावर बोर्डिंग पासवर गेट नंबर लिहिलेला असतो. त्यातून प्रवासी जातात. आपल्याकडचे हाजी नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर आधी हे गेट शोधतात. पुढे मदिना शरीफला पोहोचले की मस्जिदे नबवीच्या दरवाजांवर त्यांना बाबुस्सलाम, बाबे जिब्रील, बाबुन्निसा ही नावे आणि दरवाजांचे क्रमांक दिसतात. कोणत्या क्रमांकाच्या दरवाजाने आत गेलो हे लक्षात ठेवले नाही तर गर्दीत सोबती हरवतो. आपल्या घरातले कोणी जाऊन आले असेल तर त्यांना विचारा, गेट हा शब्द त्यांना पुस्तकाशिवाय पाठ झालेला असेल.

आता त्या चाचणीतल्या वाक्याकडे येऊ. जामठ्याच्या स्टेडियमवर सामना आहे. गेटमधून काय जाते? तिकीट काढलेले प्रेक्षक. जितके प्रेक्षक गेटमधून आत गेले, त्या संख्येलाच इंग्रजीत गेट म्हणू लागले. त्यांच्या तिकिटांचे जे पैसे जमले, त्यांनाही गेट म्हणू लागले. आपण गल्ला म्हणतो ना, तसेच. गल्ला चांगला झाला म्हणजे पेटी चांगली होती असे नाही, पेटीत पैसे चांगले जमले. म्हणून 'गुड गेट' म्हणजे सामन्याला गर्दी चांगली होती. मुलीला ओळीने अर्थ पाठ करून हे आले नसते, पण 'यातून काय जाते' एवढे विचारले असते तर ती स्वतः तिथे पोहोचली असती.

क्रिकेटमध्येच गेटचा आणखी एक अर्थ आहे. फलंदाज पुढे येऊन खेळतो, बॅट आणि पॅड यांच्यामध्ये फट राहते आणि चेंडू त्या फटीतून आत शिरून यष्टी उडवतो. समालोचक म्हणतो, 'थ्रू द गेट.' यातून काय गेले? चेंडू. तिथे ना भिंत, ना फाटक, पण मोकळी राहिलेली जागा आहे. हा अर्थ घरातल्या मुलांना आधीच माहीत असतो, मुलींनाही असतो. पण तो शाळेच्या वहीत कधी उतरत नाही.

मोठ्या भावंडांसाठी दोन उदाहरणे. कॉम्प्युटर शिकताना लॉजिक गेट येतात, अँड, ऑर आणि नॉट. यातून विजेचा संकेत जातो, किंवा अडतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. दोन्ही लागल्या तरच लॉकर उघडतो. हे अँड गेट. घराला पुढे आणि मागे अशी दोन बेलची बटणे असतील, तर कोणतेही एक दाबले तरी बेल वाजते. हे ऑर गेट. नॉट गेट उलटे करते, आत शून्य गेले तर बाहेर एक. दुसरे उदाहरण परीक्षेचे. इंजिनिअरिंग झालेली मुले एम.टेक.ला जाण्यासाठी गेट नावाची परीक्षा देतात. आपल्या शहरातल्या व्हीएनआयटीत एम.टेक.चे प्रवेश याच परीक्षेच्या गुणांवर होतात. ते नाव इंग्रजी आद्याक्षरांतून तयार झाले आहे, पण जुळून आलेला शब्द अर्थालाही शोभतो. यातून विद्यार्थी जातो.

म्हणजे एवढे सगळे अर्थ एकाच झाडाच्या फांद्या आहेत. मोकळी जागा, तिच्यातून काहीतरी जाणे, आणि त्या जाण्यावर असलेला ताबा. वलीम्याला बोलावणे नसताना घुसणाऱ्याला इंग्रजीत गेटक्रॅशर म्हणतात आणि दरवानाला गेटकीपर. तेही याच झाडाचे.

कधी कधी मात्र या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तेव्हा समजायचे की प्रकरण वेगळे आहे. अशी दोन प्रकरणे मुलांना सांगून ठेवावीत.

पहिले नावाचे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात वॉटरगेट नावाची मोठी इमारत आहे. 1972 साली तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोरी झाली. चौकशीचे धागे थेट राष्ट्राध्यक्षांच्या माणसांपर्यंत पोहोचले आणि ऑगस्ट 1974 मध्ये रिचर्ड निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला. तेव्हापासून कोणत्याही घोटाळ्याला 'गेट' जोडायची पत्रकारांना सवय लागली. आपल्याकडे 2012 मध्ये कोळसा खाणवाटपाचे प्रकरण गाजले, तेव्हा त्याला 'कोलगेट' म्हटले गेले. विदर्भ कोळशाचा प्रदेश, म्हणून आपल्याकडे ते नाव खूप ऐकू आले. त्याचा ना दरवाजाशी संबंध, ना दात घासण्याशी! इथे गेटमधून काहीच जात नाही, ते फक्त घोटाळ्याचे शेपूट आहे. मुंबईचे चर्चगेट हेही आता नावच. मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या तटाला सेंट थॉमस चर्चच्या बाजूचा दरवाजा होता, म्हणून ते नाव. 1860 च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, पण स्टेशनच्या पाटीवर नाव अजून आहे.

दुसरे प्रकरण सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे. इंग्लंडमध्ये यॉर्क नावाचे जुने शहर आहे. तिथे मिकलगेट नावाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर जो खराखुरा तटाचा दरवाजा आहे त्याचे नाव मिकलगेट बार! म्हणजे तिथे रस्त्याला गेट म्हणतात आणि दरवाजाला बार. कारण असे की 866 साली उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या डेन लोकांनी ते शहर घेतले. त्यांच्या भाषेत 'गाता' म्हणजे रस्ता. त्याचे गेट झाले. दरवाजाचे गेट आणि रस्त्याचे गेट हे वेगळे शब्द, पण रूप सारखे. आपल्याकडे नाही का, 'नाव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी? चालण्याच्या ढबीला इंग्रजीत 'गेट' असाच उच्चार असलेला शब्द आहे. तो या रस्त्याच्या गेटचाच भाऊ. स्पेलिंग मात्र जी-ए-आय-टी. देवनागरीत लिहिताना सगळे सारखे दिसतात, म्हणून स्पेलिंगकडे लक्ष ठेवावे.

आता पत्रातल्या त्या वाक्याकडे वळते, 'ना धड उर्दू, ना धड हिंदी, ना धड मराठी.' वाचताना मला याच वाक्याचे सर्वांत जास्त वाईट वाटले. कारण हेच घर मुलीच्या कामाला येणार आहे.

मराठीतले दार, संस्कृतचे द्वार, फारसीतला दर आणि इंग्रजीतला डोअर हे चारही शब्द एकाच प्राचीन मुळाचे आहेत. भाषेचा अभ्यास करणारे हे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. फारसीतल्या या 'दर' पासून दरवाजा, दरबार, दरवान हे शब्द झाले. ताजबागेला आपण दर्गा म्हणतो, तो दर्गा म्हणजेही दरगाह, दराची जागा. म्हणजे जी मुलगी 'दार लाव' म्हणते आणि 'दरवाजा बंद कर' असेही म्हणते, तिच्या तोंडात डोअरचे दोन सख्खे भाऊ आधीच आहेत. इंग्रजी तिच्या घरात परकी म्हणून येत नाही.

आणि अरबीतला बाब? तो तर मराठीच्या प्रत्येक कचेरीत बसला आहे. अरबीत बाब म्हणजे दरवाजा, आणि पुस्तकाचे प्रकरण म्हणजेही बाब, कारण प्रकरण हा विषयात शिरायचा दरवाजा. हदीसच्या ग्रंथांत प्रत्येक छोट्या प्रकरणाला बाब म्हणतात. तेथून त्याचा अर्थ विषय, मुद्दा असा झाला आणि मराठीत तो 'बाब' म्हणून आला. 'ही बाब गंभीर आहे' म्हणताना आपण दरवाजाचेच नाव घेतो. 'बाबत'ही त्याच घराण्यातला. आपल्या पाल्याच्या रजेचा अर्ज काढून बघा. वर विषय लिहिलेला असतो, 'रजा मिळणेबाबत'. मराठी माणसाचा सरकारी अर्ज अरबी दरवाजातून गेल्याशिवाय साहेबांच्या टेबलावर पोहोचत नाही!

ज्या घरात अशा तीन भाषांची ये-जा आहे, ते घर भाषेच्या बाबतीत गरीब कसे? एका शब्दाचे अनेक अर्थ असतात आणि एका अर्थाला अनेक शब्द असतात, हे ज्या मुलांना फक्त एकच भाषा येते त्यांना समजावून सांगावे लागते. आपल्या मुलांना ते रोजच्या बोलण्यातून कळलेले असते. फक्त कोणीतरी ते दाखवून द्यावे लागते.

तर भगिनी, आपण घरी काय करावे ते सांगते. यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही.

पहिली गोष्ट, रोज दहा शब्दांऐवजी तीन शब्द घ्या. प्रत्येक शब्दाला वहीचे अर्धे पान द्या. अर्थ लिहिण्याआधी तो शब्द असलेले पूर्ण वाक्य मुलीने पाठ्यपुस्तकातून उतरवावे. दुसरी गोष्ट, तो शब्द पुन्हा कुठे भेटला, दुकानाच्या पाटीवर, सामन्याच्या समालोचनात किंवा औषधाच्या खोक्यावर, तर ते वाक्यही त्याच पानावर लिहावे. महिनाभरात पान भरेल आणि अर्थ आपोआप फुटतील. तिसरी गोष्ट, तिने पाठ म्हणून दाखवायला येऊ नये, समजावून सांगायला यावे. आपण विचारा, 'बेटा, यातून काय जाते? याला आपल्या बोलीत काय म्हणू?' ती उर्दूत सांगो, मराठीत सांगो किंवा दोन्ही मिसळून सांगो. आपल्याला समजले तर तिलाही समजले. शब्दकोश घेऊ शकत असाल तर असा घ्या ज्यात प्रत्येक अर्थाला क्रमांक आणि वाक्य दिलेले आहे. नसेल तर शाळेच्या ग्रंथालयात तो असतो. मुलीने मधल्या सुट्टीत शिक्षकांकडे मागावा, मागायला लाजू नये.

मुलीच्या अब्बांनाही अदबीने एक विनंती. सातवीच्या एका चाचणीवरून वर्ग बदलू नका. सेमी-इंग्रजीतून आज बाहेर काढले तर तिची गणित आणि विज्ञान ही पुस्तके पुन्हा मराठीत येतील. अकरावीला विज्ञान घ्यायचे म्हटले तर तेव्हा सगळे शब्द एकदम इंग्रजीतून समोर येतील. तिने उत्तर चुकीचे लिहिले, पण विचार न करता लिहिले नाही. तिने माहीत असलेला अर्थ प्रामाणिकपणे वापरला. तिला दुसरा अर्थ कोणी दाखवलाच नव्हता. वर्षभर अम्मीला समजावून सांगू द्या आणि मग ठरवा. तोपर्यंत वर्गशिक्षकांना एकदा भेटून या, दोघेही या.

इतर वाचकांसाठी या महिन्याचा अभ्यास. 'की' हा इंग्रजी शब्द घ्या. किल्ली एवढाच त्याचा अर्थ आहे का? मोबाइलवर, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेजवळ, नकाशाच्या कोपऱ्यात तो शोधा. मुलांना सोबत घेऊन किमान पाच वाक्ये लिहा आणि मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. निवडक वाक्ये पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.